बंदुकीच्या सरकारी चाचणीला लेखी नियम हवेत की नकोत? अमेरिकेतलं एक अडलेलं विधेयक

सुहास_डेटन

अमेरिकेत तुमच्या घरातली रायफल 'मशीनगन' ठरली, तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ती मशीनगन आहे की साधी अर्धस्वयंचलित (एकदा चाप ओढला की एकच गोळी झाडणारी), हे ठरवतं एटीएफ, म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांचं केंद्रीय खातं. २००३ च्या जानेवारीपर्यंत ते अर्थखात्याकडे होतं, तेव्हापासून न्यायखात्याकडे आहे. छापा घालणारं, खटला उभा करायला मदत करणारं आणि बंदूक तपासून अहवाल देणारं खातं एकच.

जॉर्जिया राज्याचे तत्कालीन काँग्रेस (म्हणजे अमेरिकी संसद) सदस्य फिल गिंग्री (पेशाने डॉक्टर, रिपब्लिकन पक्षाचे) यांनी २००५ मध्ये प्रतिनिधिगृहात एक छोटंसं विधेयक मांडलं. त्यातली मागणी अगदी साधी होती. एटीएफ एखादी वस्तू तपासून ती कोणत्या प्रकारचं शस्त्र आहे हे ठरवते, तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या तपासणीचं चित्रीकरण व्हावं, त्यात काटछाट करू नये, आणि आरोपीला त्याची प्रत मिळावी. पुढे ते पुन्हा मांडलं गेलं, पण त्याचा कायदा काही झाला नाही.

मी धातूंच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. माझ्याकडे बंदूक नाही आणि घ्यायचीही नाही. तरी हा विषय मला स्वस्थ बसू देत नाही. आमच्याकडे साधा बोल्ट ताणून तोडायचा असला, तरी नमुना कसा कापायचा, ओढण्याचा वेग किती, तापमान किती, हे सगळं आधी कागदावर असतं. आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांचं आंतरराष्ट्रीय मानक) ची मान्यता हवी असेल तर त्याला पर्यायच नाही. आमच्या अहवालावर फार तर एखाद्या कंपनीचा माल परत जातो. तिथे माणूस आत जातो.

कायद्यातली व्याख्या १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टमधून आलेली आहे. चापाच्या एकाच क्रियेने, हाताने पुन्हा न भरता, एकाहून जास्त गोळ्या आपोआप झाडणारं शस्त्र म्हणजे मशीनगन. तसं झाडण्यासाठी घडवलेलं किंवा सहज पुन्हा तसं करता येईल असं शस्त्रही त्यातच येतं. १९ मे १९८६ नंतर तयार झालेली अशी बंदूक सामान्य नागरिकाला ठेवताच येत नाही. म्हणजे रेषेच्या एका बाजूला दुकानात मिळणारी रायफल आणि दुसऱ्या बाजूला गंभीर गुन्हा. मधली रेषा काढते ती चाचणी.

आता विस्कॉन्सिन राज्यातला खटला बघा. एकाने आपली एआर-१५, म्हणजे एक अर्धस्वयंचलित रायफल, दुसऱ्याला वापरायला दिली. नेमबाजीच्या मैदानावर ती एका चापात तीन-चार गोळ्या झाडून अडकली. आवाजावरून तक्रार झाली, पोलीस आले, बंदूक एटीएफकडे गेली. पहिल्या चाचणीत लष्करी दर्जाची काडतुसं वापरली, आणि ती आपोआप चालली नाही. नंतरच्या चाचणीत बाजारातली, मऊ प्रायमरची (प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेला, मार बसला की पेटणारा भाग) काडतुसं वापरली, तेव्हा ती आपोआप चालली. २००८ मध्ये मालक दोषी ठरला, ३० महिन्यांची शिक्षा झाली. २००९ मध्ये सेव्हन्थ सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने ती कायम ठेवली.

त्या माणसाच्या निर्दोषपणाची वकिली मला करायची नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की कोणती काडतुसं वापरायची हे चाचणीच्या आधी कुठे लिहिलेलं होतं? बचाव पक्षाने एआर-१५ तपासण्याची एटीएफची अंतर्गत पद्धत मागितली होती. ती त्यांना मिळाली नाही, आणि अपिलातही त्यात काही गैर आहे असं न्यायालयाला वाटलं नाही.

निकाल 'नाही' आला म्हणून परिस्थिती बदलून पुन्हा चाचणी घ्यायची, आणि 'हो' आला की थांबायचं, हे आमच्या क्षेत्रात चालत नाही. कारण असेल तर दुसरी चाचणी जरूर घ्या. पण ते कारण आणि ती अट आधी लिहा.

---

नेमबाज_कोल्हापूर

सुहासराव, काडतुसांचा मुद्दा ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

अर्धस्वयंचलित रायफलीत गोळी सुटल्यावर बोल्ट (काडतूस नळीत बसवणारा सरकता भाग) मागे जातो आणि घोडा (काडतूस पेटवायला आपटणारा भाग) पुन्हा चढवतो. तुमचं बोट अजून चापावरच असतं, म्हणून घोडा अडवून धरायला एक वेगळा तुकडा असतो, डिस्कनेक्टर. तो झिजला, चुकीचा बसला किंवा दुसऱ्या जातीचा असला, तर घोडा अडत नाही, बोल्टच्या मागोमाग पुढे येतो. असा आलेला घोडा पूर्ण जोराने आपटत नाही, त्याचा मार लंगडा असतो. कठीण प्रायमर त्या माराने पेटत नाही, मऊ पेटतो. लष्करी काडतुसांचा प्रायमर मुद्दाम कठीण ठेवतात, कारण एआर-१५ च्या घराण्यात फायरिंग पिन (प्रायमरला टोचणारी सळई) मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकी टेकते.

म्हणजे तीच बंदूक एका खोक्यातल्या काडतुसांनी साधी आणि दुसऱ्या खोक्यातल्या काडतुसांनी मशीनगन ठरू शकते. आमच्या ५० मीटर रायफलमध्ये (तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांचा प्रकार) काडतुसांचा लॉट बदलला की गट (लक्ष्यावर गोळ्या किती जवळजवळ बसतात ते) बदलतो, म्हणून स्पर्धेआधी लॉट तपासून घेतात. ज्याने चार खोकी फोडली आहेत त्याला हे सांगावं लागत नाही.

आणि खेळात तपासणी कशी होते तेही सांगतो. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा, २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा. हे नियमपुस्तकात छापलेलं आहे. वजन लटकवतात, तुमच्या डोळ्यांसमोर. उचललं तर पास. पदकासाठी एवढी काळजी घेतली जाते, तर तुरुंगवासाच्या प्रश्नात एवढी तरी हवीच.

---

वसुधा_एडिसन

मी वेगळं मत मांडते, आणि ते मनापासून आहे. माझी मुलं इथे अमेरिकेत, शाळेत गोळीबार झाला तर बाकाखाली लपण्याची कवायत करतात. घरी येऊन सहावीतला मुलगा सांगतो की दाराला काय लावायचं हे आज शिकवलं. त्यामुळे 'बंदुकीच्या चाचणीत न्याय' हे शब्द ऐकले की मी आधी विचारते, न्याय कोणासाठी?

अशी विधेयकं कोण मांडतं ते बघा. ज्यांना एटीएफचे हात बांधायचे आहेत तेच. आज कॅमेरा मागतील, उद्या कॅमेऱ्याचा कोन चुकला म्हणून खटला रद्द करायला लावतील.

शिवाय सुहास, विस्कॉन्सिनच्या खटल्याची अर्धी बाजू तुम्ही सांगितलीत. त्या रायफलीत एम-१६ या लष्करी स्वयंचलित रायफलीचे भाग होते. चाप, घोडा, डिस्कनेक्टर आणि निवडकळ (झाडण्याचा प्रकार निवडायची कळ), चारही. आणि मालकाने बंदूक देताना सांगितलं होतं की खूण नसलेल्या तिसऱ्या जागी कळ नेली तर एका चापात तीन गोळ्या सुटतात आणि मग ती अडकते. निकालपत्रात आहे हे. ही आपोआप झिजलेली बिचारी बंदूक नव्हती.

---

सुहास_डेटन

वसुधाताई, तुमचे दोन्ही तपशील बरोबर आहेत आणि ते धाग्यात यायलाच हवे होते. आभार.

पण मग बघा, सरकारची बाजू मजबूत होती. भाग होते, मालकाचं बोलणं होतं. अशा खटल्यात चाचणीची पद्धत उघड करायला अडचण काय? लेखी पद्धत असती, पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीमधला फरक आधीच नोंदवलेला असता, तर आज कोणी त्या निकालाकडे बोट दाखवू शकलं नसतं. लपवल्यामुळे भक्कम खटलाही संशयित झाला.

---

अ‍ॅड_मेधा_नाशिक

या खटल्यात कायद्याच्या दृष्टीने मला सगळ्यात रोचक वाटला तो व्याख्येचा वाद.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टेपल्स खटल्यात म्हटलं की आपली बंदूक मशीनगन ठरावी असे गुण तिच्यात आहेत हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. त्याच निकालाच्या एका तळटीपेत 'स्वयंचलित'चा अर्थ दिला आहे: चाप दाबला की तो सोडेपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत शस्त्र झाडत राहतं. विस्कॉन्सिनच्या आरोपीने हेच धरलं. माझी बंदूक तीन-चार गोळ्यांनंतर अडकते, चाप सोडेपर्यंत चालत नाही, म्हणजे ती मशीनगन नाही. सेव्हन्थ सर्किटने ते मान्य केलं नाही. तळटीप ही व्याख्या नव्हे, एका चापात एकाहून जास्त गोळ्या आपोआप सुटल्या की पुरे, असं ठरलं.

आता आपल्याकडचा शस्त्र अधिनियम, १९५९ उघडा. कलम २(१)(झ) मध्ये 'प्रतिबंधित शस्त्र' म्हणजे चापावर दाब दिल्यावर, दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील असं घडवलेलं किंवा बदललेलं अग्निशस्त्र. म्हणजे स्टेपल्सच्या तळटीपेत जे आहे तेच आपल्या कायद्याच्या मजकुरात आहे. तीन गोळ्यांवर अडकणारी बंदूक आपल्या व्याख्येत कुठे बसवायची, यावर इथे खरा युक्तिवाद होऊ शकतो. चाचणी लिहिणाऱ्याला व्याख्या समोर ठेवूनच चाचणी लिहावी लागेल. दोन गोळ्या पुरेशा, की पूर्ण मॅगझिन?

आणखी एक गोष्ट कोणी सांगितली नाही. त्याच खटल्यात बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला, सरकारी तज्ज्ञाची साक्ष चालू असताना न्यायालयाच्या खोलीबाहेर बसवलं होतं. अपिलात तोही मुद्दा होता, तोही फेटाळला गेला. पद्धत कागदावर नाही, आणि समोरचा तज्ज्ञ काय बोलतो हे ऐकायलाही आपला माणूस नाही. वकिलाने उलटतपासणी कशावर घ्यायची? मी रोज उभी राहते म्हणून सांगते, तांत्रिक साक्षीदाराला प्रश्न विचारायचा तर मागे कोणीतरी चिठ्ठी सरकवणारं लागतं.

---

शंतनू_व्ही

हे म्हणजे गोळीवरच्या खुणा जुळवून ती कुठल्या बंदुकीतून सुटली ते सांगतात, तेच ना?

---

सुहास_डेटन

नाही शंतनू. ती वेगळी शाखा. त्यावरही अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या २००९ च्या अहवालात बरीच टीका झाली आहे, पण इथे विषय शस्त्राच्या वर्गीकरणाचा आहे. ही वस्तू कायद्याच्या कुठल्या खान्यात बसते, एवढाच.

---

फ्रीमॉंटची_सई

'चाचणीचे नियम कायद्यात लिहिता येत नाहीत, ते तज्ज्ञांवर सोडावेत' असं कोणी म्हणायच्या आत कॅलिफोर्नियाचं उदाहरण देते. इथे १९९९ च्या कायद्यानुसार दुकानात नवं पिस्तूल विकायचं तर ते आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पास व्हावं लागतं. आणि चाचणी थेट कायद्यात लिहिलेली आहे.

एकाच मॉडेलची तीन पिस्तुलं घ्यायची. प्रत्येकातून ६०० गोळ्या झाडायच्या. पहिल्या २० मध्ये एकही बिघाड चालत नाही, पूर्ण ६०० मध्ये सहापेक्षा जास्त नाही, आणि वापराचा धोका वाढेल अशी तडा-मोड नाही. दर ५० गोळ्यांनी पाच ते दहा मिनिटं थांबून हत्यार थंड होऊ द्यायचं. दर १०० ला सैल स्क्रू आवळायचे, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे साफ करायचं. मग पडण्याची चाचणी: साधारण एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर, वेगवेगळ्या बाजूंनी, आणि प्रायमर पेटता कामा नये. बिघाड काडतुसामुळे झाला तर काय करायचं, तेही कायद्यात आहे.

हा कायदा बंदूकवाल्यांना अजिबात आवडत नाही, त्यावर खटले चालूच असतात. पण कोणी असं म्हणू शकत नाही की आम्हाला नियम माहीत नव्हते. आणि वसुधा, हा कायदा तुमच्या-माझ्या बाजूच्या लोकांनी केला. काटेकोर चाचणी ही फक्त बंदूकवाल्यांची मागणी नाही.

---

वसुधा_एडिसन

सई, हे मला माहीत नव्हतं. काँक्रीटपर्यंत लिहिलं आहे म्हणजे नीट विचार केला आहे.

पण फरक आहे. तिथे कंपनी स्वतः पिस्तूल घेऊन दारात येते, तीन-तीन नग देते. गुन्ह्यात जप्त झालेली एकच बंदूक असते, कोणी घासलेली, कोणी जोडलेली. तिला ६०० गोळ्यांची चाचणी कशी लावणार? गुन्हेगार नियम वाचून बरोबर त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबेल, ही माझी भीती आहे.

---

रानवारा

वसुधाताईंची भीती रास्त आहे, पण सध्याच्या मोकळिकीने तरी काय साधलं? बोट न हलवता, बंदुकीच्या मागे बसणाऱ्या धक्क्यावर एकामागून एक गोळ्या झाडायला मदत करणारी यंत्रणा घ्या. स्प्रिंग असलेलं एक उपकरण एटीएफने आधी पत्राने मान्य केलं, २००६ मध्ये तेच पत्र फिरवलं, स्प्रिंगा काढून जमा करा म्हणून सांगितलं. मग स्प्रिंग नसलेल्या बंप स्टॉकला (बंदुकीला लावायचा मागेपुढे सरकणारा दस्ता) २०१० मध्ये परवानगी दिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास वेगासला त्याच प्रकारच्या साधनांनी गोळीबार झाला, ६० जणांचा जीव गेला. डिसेंबर २०१८ मध्ये नियम आला: हे मशीनगन आहे, नष्ट करा नाहीतर जमा करा. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीनने तो नियम रद्द केला.

एकच वस्तू. आठ वर्षांत खातं इकडून तिकडे गेलं, मग न्यायालयाने परत इकडे आणलं. ज्यांना बंप स्टॉक बंद हवा होता ते हरले, ज्यांनी आपले जाळून टाकले तेही हरले. २०१० चं ते पत्र कोणत्या निकषावर दिलं गेलं, हे त्या वेळी उघड्यावर तपासलं गेलं असतं तर तेव्हाच आरडाओरड झाली असती. काँग्रेसने तेव्हाच कायद्याची व्याख्या बदलायचा विचार केला असता.

२०१४ चा वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाचा एक निकालही वाचण्यासारखा आहे. नळीच्या तोंडाला लावायच्या एका भागाला एटीएफने 'सायलेन्सर' ठरवलं. आवाज किती कमी होतो हे न मोजता! सायलेन्सरमध्ये सहसा दिसणाऱ्या काही गोष्टी यातही दिसतात, एवढ्यावर. न्यायाधीशांनी लिहिलं की शेपूट, करडी कातडी आणि चार पाय आहेत म्हणून उंदीर हत्ती होत नाही. निर्णय रद्द झाला. ज्या वस्तूची व्याख्याच आवाज कमी करण्यावर आहे, तिचा आवाज मोजायचा नाही, हे मला अजून पटत नाही.

---

अ‍ॅड_मेधा_नाशिक

वसुधाताई, जप्त केलेल्या एकाच बंदुकीचा तुमचा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे.

गावठी कट्टा पकडला की पंचनामा होतो, मुद्देमाल सील होतो. मग बऱ्याचदा पोलिसांचाच आर्मोरर (शस्त्रांची देखभाल करणारा) 'शस्त्र चालू स्थितीत आहे' असा दाखला देतो, नाहीतर मुंबईच्या कलिना किंवा विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळेत बॅलिस्टिक तपासणीला जातं. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ ची जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि ती देताना शस्त्र त्यांच्यासमोर होतं का, यावर आम्ही तासन्‌तास भांडतो. पण प्रत्यक्ष चाचणी कशी झाली, कोणतं काडतूस वापरलं, किती वेळा चाप ओढला, यावर अहवालात दोन ओळींपलीकडे काही मिळत नाही. सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालाला तर कायद्याने असं स्थान आहे की तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही तो वाचला जाऊ शकतो. बोलवायचा अर्ज केला तर न्यायालय बोलावतं, पण अर्ज करणारे किती?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, आली. कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक केलं, मोबाइलवर केलं तरी चालतं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आणि त्या प्रक्रियेचं चित्रीकरण व्हायचं. म्हणजे गिंग्रींना अमेरिकेत चाचणीसाठी जे हवं होतं, त्याच्या अलीकडचा टप्पा आपण कायद्यात आणला. पण कॅमेरा प्रयोगशाळेच्या दारापाशी थांबतो. बंदूक आत गेल्यावर काय झालं, ते अजूनही दोन ओळींतच.

माझं मत विचाराल तर चित्रीकरण नसेल तर तो अहवाल पुराव्यात घेऊच नये, इतकं कडक कलम हवं. नाहीतर 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर ठरलेलं.

---

नेमबाज_कोल्हापूर

एका बंदुकीची चाचणी लिहिणं अवघड नाही. ६०० गोळ्या लागतच नाहीत. मिळाली त्या अवस्थेत फोटो, उघडून भागांचे फोटो, कोणता भाग मूळचा आणि कोणता परका याची नोंद. तेल, साफसफाई आधी करायची नाही. मग दोन प्रकारची काडतुसं, कठीण आणि मऊ प्रायमरची, दोन्ही आधीच ठरलेली. प्रत्येकी ठराविक फैरी, कळीच्या प्रत्येक जागेवर. सगळे निकाल लिहायचे, 'नाही' आलेले सुद्धा. आणि बिघाडामुळे दोन गोळ्या सुटल्या की रचनेमुळे, हे कारणासकट वेगळं लिहायचं.

याने गुन्हेगार सुटत नाही, ताई. ज्याने एम-१६ चे भाग बसवले तो भागांच्या फोटोतच सापडतो. सुटतो तो फक्त झिजलेल्या डिस्कनेक्टरचा मालक. तो सुटायलाच हवा.

---

वसुधा_एडिसन

नेमबाजदादा, ही यादी मला मान्य आहे. दोन्ही प्रकारची काडतुसं आधीच ठरलेली, हे तर विशेष पटलं. मग 'हवं ते खोकं निवडलं' असं कोणालाच म्हणता येणार नाही, सरकारलाही आणि बचावालाही.

पण माझी एक अट आहे. हा उजेड दोन्हीकडे पडायला हवा. कंपनी नवं उपकरण घेऊन एटीएफकडे जाते आणि 'हे मशीनगन नाही' असं पत्र घेऊन येते, तेव्हाचीही चाचणी चित्रित व्हावी आणि लोकांना बघता यावी. आरोपीला प्रत, आणि लास वेगासच्या कुटुंबांना काहीच नाही, असं विधेयक मी मान्य करणार नाही. २०१० च्या पत्रामागे काय तपासलं गेलं होतं हे त्या लोकांना आधी कळायला हवं होतं.

---

सुहास_डेटन

ताई, गिंग्रींच्या विधेयकात चित्रीकरण फक्त खटल्यांपुरतं नव्हतं, वर्गीकरणासाठी होणाऱ्या कुठल्याही तपासणीचं होतं. पण जनतेला ते बघायला मिळावं असं काही त्यात मला दिसलं नाही. तुमची अट घातली तर विधेयक जास्त चांगलं होईल. कंपन्या व्यापारी गुपिताचं कारण पुढे करतील, हे नक्की. त्यावर पत्र बाहेर पडल्यावर, म्हणजे वस्तू बाजारात आल्यावर, चित्रीकरण खुलं करायचं असा मार्ग निघू शकतो.

आणि माझ्याकडून एक भर. कॅमेऱ्यासोबत लेखी पद्धत नसेल तर त्या विधेयकाचा उपयोग अर्धाच आहे. चित्रीकरणात दिसेल की मऊ प्रायमरची काडतुसं वापरली. ती वापरायला नको होती की हवी होती, हे सांगायला आधी लिहिलेला कागदच लागेल. तो कागद एटीएफने एकटीने लिहू नये. मसुदा जाहीर करावा, हरकती मागवाव्यात, आणि प्रत्यक्ष चाचणी दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतही करून बघता यावी, म्हणून बंदूक चाचणीत मोडायची वेळ आली तर बचाव पक्षाला आधी कळवावं.

मेधाताई, नाशिकच्या तुमच्या अनुभवावर वेगळा धागा काढाल का? आर्मोररच्या दाखल्यात नेमकं काय लिहिलेलं असतं आणि उलटतपासणीत त्यातलं काय टिकतं, हे वाचायला मला फार आवडेल.

---

अ‍ॅड_मेधा_नाशिक

काढते. दिवाळीच्या सुट्टीत न्यायालय बंद असतं तेव्हा बसून लिहीन. तोवर कोणाकडे प्रयोगशाळेत काम केलेलं नातेवाईक किंवा ओळखीचं माणूस असेल, तर त्यांना इथे लिहायला सांगा. तपासणाऱ्याची बाजू या धाग्यात अजून आलेलीच नाही. रोज ढीगभर मुद्देमाल, माणसं कमी, आणि वर साक्षीला बोलावणं, यात ते कसं काम करतात हे ऐकल्याशिवाय नियम लिहायला बसू नये.